वहीतले पाच रकाने

कात्रजला एका क्रेनवाल्याच्या ऑफिसात मी बारा वर्षं फोन घेतले. बंद पडलेले ट्रक, ट्रेलर, बसगाड्या ओढून आणायला मोठी क्रेन पाठवायची, एवढंच काम. वहीत पाच रकाने होते: गाडी कुठे आहे, किती चाकी, भरलेली की रिकामी, उलटली का, चाकं फिरतात का. ड्रायव्हर लोक रडायचे, देवाचं नाव घ्यायचे, मालकाला शिव्या द्यायचे. मी मधेच तोडायचे. "अहो, रामायण नको, चाकांचं सांगा."

एका दुपारी फोन आला. हिंजवडीच्या कंपनीची बस बायपासला दुभाजकावर चढली होती. आवाज माझ्या नवऱ्याचा होता. ती बस तेच चालवायचे. आवाज मी ओळखला, आणि तरीही विचारलं, "भरलेली की रिकामी?"

"रिकामी."

"चाकं फिरतात?"

"पुढची नाही फिरत." मग ते म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हरचा पाय मोडलाय. ते कुठल्या रकान्यात लिहिता आपण?"

मी खरंच पाचही रकाने पाहिले. मग आधी क्रेन पाठवली, आणि नंतर अँब्युलन्स.