माईंच्या उठाबशा

माईंना धाकटी सून आवडत नव्हती, आणि ही गोष्ट त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. शिरगावात आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "रूपल पालघरला क्लास घेते." ऐकणाऱ्याला वाटावं, शिवणाचा किंवा शिकवणीचा असेल. ती जिममध्ये बायकांकडून व्यायाम करून घेते, तोही घट्ट पँट घालून, हे सांगायला माईंची जीभ रेटत नसे. एरवी त्या जिभेला कुणाचा धाक नव्हता. पानमळ्यातल्या गड्यांपासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून झाला की उरलेलं सुनेच्या वाट्याला यायचं.

सूनही काही गरीब गाय नव्हती. नवी होती तोवर ऐकून घेतलं, मग तीही फाडफाड उत्तरं द्यायला लागली. दोघींची जुंपली की चिराग, म्हणजे माईंचा धाकटा, ताट उचलून ओट्यावर जाऊन जेवायचा. असल्या नवऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न रूपलला रोज पडत असे.

गेल्या वर्षी माई न्हाणीत पडल्या. मनगट मोडलं, पण त्याहून वाईट म्हणजे त्यांना जमिनीवरून उठताच येईना. घरात दुसरं कुणी नव्हतं; दूधवाला येईपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून राहिल्या आणि त्याने उचललं तेव्हा त्याच्यावरच खेकसल्या. मग थोरला मुलगा ललित त्यांना बोईसरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. चौथा मजला. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचे पाइप, आणि संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीचा उग्र वास. थोरली सून दिशा गोड बोलायची आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. प्लॅस्टर निघालं त्याच दिवशी माई घरी परतल्या. निघताना ललितने बजावलं, "आता एकदा जरी पडलीस ना माई, तर कायमचं इथे. तुझं काय एक ऐकणार नाय."

माई कशाला घाबरत असतील तर त्या चौथ्या मजल्याला.

डॉक्टर म्हणाले, पायांत जोर आणा, नाहीतर पुन्हा पडाल. "घरातच ट्रेनर आहे की तुमच्या!" हे ऐकून माई आठवडाभर फुगून बसल्या. मग एक दिवस तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "काय ता करायचा ते कर एकदा. पन हितं नको. हितं सगला गाव बघल. पालघरला मला कोन वलखतंय?"

रूपलला हसू आलं नाही. घाबरलेल्या बायका तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. पहिल्या दिवशी दमवलं की त्या दुसऱ्या दिवशी येत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांना जमेल तेवढंच द्यायचं, थोडं कमीच द्यायचं, आणि घरी जाताना आपण हे केलं असं त्यांना वाटलं पाहिजे. तिने सगळं मनाशी ठरवून ठेवलं. दुपारची वेळ, तेव्हा जिम बंद असते. उंच खुर्ची, वर उशी, तिच्यावर बसायचं आणि उठायचं. मग भिंतीला हात लावून ढकलायचं. बार धरून टाचा उचलायच्या. की संपलं. वजनाला हातसुद्धा लावायचा नाही.

सासूचा राग यायचा तो येतच होता. पण ही बाई पुन्हा न्हाणीत पडलेली तिला नको होती.

कपड्यांवरून भांडण झालंच. रूपलने सैल पंजाबी ड्रेस शिवून आणला. "मी मेल्यावर घाल माज्या अंगावर," म्हणत माईंनी तो भिरकावला. रूपलने दातओठ खात तो घडी घालून ठेवला आणि पदर खोचला तरी चालेल असे व्यायाम ठरवले. दिवस मात्र माईंनी निवडला. मंगळवार, अंगारकी. चांगल्या कामाला चांगला दिवस, एवढाच अर्थ रूपलने घेतला. सगळेच उपास डॉक्टरांनी बंद केले होते आणि माईंनी दोन्ही मुलांना तसा शब्द दिला होता. सकाळी तिने स्वतः भाकरी वाढली होती आणि ताट रिकामं झालेलं पाहिलं होतं. ती भाकरी मागच्या दारी कोंबड्यांनी खाल्ली, हे तिला कसं कळावं?

जिममध्ये पाय ठेवताच माई दारातच थबकल्या. चारही भिंतींना आरसे. "ह्या काय गो? जिथं बघावं तिथं मीच!" त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. तोंड मात्र चालू होतं. ही यंत्रं म्हणजे बैलघाणा, इथे येणाऱ्या बायकांना घरी धुणीभांडी नसतील, ही खुर्ची मोडकी दिसते.

"खाल्लंत ना सकाळी?" रूपलने विचारलं.

"खाल्लाय. डोकं नको खाऊ."

त्या बसल्या, उठल्या. पुन्हा बसल्या, उठल्या. हात खुर्चीला न लावता. चौथ्या-पाचव्या वेळी माईंनी स्वतःहून आरशात पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःचंच नवल उमटलं. तेवढ्यात तो चेहरा पांढराफटक पडला आणि गुडघे गेले. रूपलने कमरेला मिठी मारून त्यांना खाली घेतलं, तरी हनुवटी खुर्चीच्या कडेला लागलीच. रक्त आलं.

तिने साखरपाणी तोंडाला लावलं. माईंनी ओठ गच्च मिटले. "चंद्र बघितल्याबिगर नाय."

रूपलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उपास? आज? निर्जळी?"

"पायांत जोर येवदे म्हनून धरलाय," माई कण्हत म्हणाल्या. "तुज्या खुर्चीवर माजा भरवसा नाय."

चिरागला फोन करावाच लागला. त्याने घाबरून ललितला केला. संध्याकाळी ललितची गाडी दारात उभी राहिली आणि तो चपलांसकट पडवीत शिरला. "पडलीस ना? बॅग भर, माई."

रूपल खांबाला टेकून उभी होती. उपासाचं सांगितलं तर माईंनी शब्द मोडल्याचं उघडं पडणार. नाही सांगितलं तर पायच गेले असं ठरणार. दोन्हीकडून चौथा मजला. माईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी औषधालाही नव्हती.

"माजे पाय धडधाकट हायत," माई कडाडल्या. "हिनं मला गुरासारखी राबवली. दम घेव दिला नाय, पानी दिला नाय. कोनपन पडला असता."

पाणी दिलं नाही! रूपलच्या जिभेवर खरं आलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं, त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि रडूही येत होतं. ती म्हणाली, "हो दादा. माझं चुकलं. जास्त करून घेतलं."

मग ललितने तिचा जो पाणउतारा केला तो वाडीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. असल्या ट्रेनरच्या हाती बायकांनी जीव द्यायचा का, हे तो चारचौघांत विचारणार होता. चिराग मान खाली घालून बसला होता. गाडी शेवटी रिकामीच गेली.

माई ओट्यावर चंद्राची वाट पाहत बसल्या. आभार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि रूपललाही ते नको होते. ती हातात फोन घेऊन समोर उभी राहिली.

"उद्या सकाळी माझ्यासमोर बसून खायचं. मग इथेच, या ओट्यावर, ड्रेस घालून बसायचं आणि उठायचं. रोज. नाहीतर आत्ता दादांना फोन लावते आणि उपासाचं सांगते."

"गावासमोर?"

"लावू?"

"सून नाय, हवालदार हायस तू," माई म्हणाल्या.

सकाळी सातपाटीची कोळीण लाडकी माशांची पाटी घेऊन आली ती फाटकातच थांबली. माई पंजाबी ड्रेसमध्ये, हनुवटीला पट्टी लावून, खुर्चीवरून उठत होत्या. लाडकीच्या तोंडी एक गोष्ट पडली की दुपारपर्यंत ती चार गावांत पोचते, हे माईंना ठाऊक होतं.

"काय गो माई, ह्या काय?"

माई पूर्ण उभ्या राहिल्या, तेव्हाच बोलल्या.

"काल हिनंच पाडली मला. आता हीच उभी करतेय. तू तुजी पापलेटं दाखव."