कान दाबून ऐकताना

"साउंडबारवर बातम्या?" दुकानदार हसला. "अहो, गाणं ऐका, छाती हलते!"

छाती हलून काय करू? आठवीत शाळा सोडून गडचिरोलीहून पुण्यात आलो, तेव्हा ओळख ना पाळख, तरी काकांनी मला घरात ठेवून वायरिंग शिकवलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, टीव्हीतलं बोलणं कळत नाही. बाकीचे हसले की तेही हसतात, जरा उशिरा. सुरुवातीला इथलं बोलणं न कळून मीही तसाच हसायचो. चुकीचा साउंडबार नेला तरी ते "छान" म्हणतील, हीच धास्ती. त्यांच्यासारखं ऐकू यावं म्हणून कानांवर तळवे दाबून मी एकेक ऐकला. तिसऱ्यावर शब्द कळले.

घरी मालिका लागली. मी मात्र काकांकडेच बघत बसलो. विनोद झाला आणि काका आमच्या आधी हसले.