आजोबांचं चर्च, माझे शुक्रवार

दुबईला, जबल अलीतल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन होतो. सत्त्याण्णव साल असावं. मॅनेजर कॅनडाचा. आमचं एकमेकांशी पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

सुतारांना जेवायला सावली नव्हती. जूनच्या उन्हात पाच-सहा जणांनी वाया गेलेल्या प्लायवूडची एक शेड भिंतीला टेकवून उभी केली. चौथ्या दिवशी मॅनेजरनं ती पाडायला लावली, त्यांच्याच हातून. "परवानगी कोणी दिली?" एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर फोटो पसरले होते. गव्हाच्या शेतात एक जुनं लाकडी चर्च, वर कांद्याच्या आकाराचे तीन पत्र्याचे घुमट, शेजारी घंटेचा मनोरा, दाराला कुलूप.

"गावात कोणी उरलं नाही. पाडणार आहेत," तो म्हणाला. "मला याचं नीट ड्रॉइंग हवंय. शुक्रवारी येऊन कर."

"बांधलं कोणी?"

"माझ्या आजोबांनी. युक्रेनहून कॅनडात आलेली सगळी शेतकरी माणसं. स्वतः ओंडके तोडले, फटींत चिखल आणि गवत भरलं. इंजिनियर नाही, नकाशा नाही." त्याचा आवाज मऊ झाला होता. तो मऊपणा मला सहन होईना.

"मग त्यांना परवानगी कोणी दिली होती, सर?"

त्यानं फोटो गोळा करून माझ्यापुढे सरकवले. "शुक्रवारी. आठ वाजता."

सुट्टीचे तीन शुक्रवार गेले. दात-ओठ खात काढलं, पण चुकीचं काढणं मला जमत नाही. फोटोत मधला घुमट कललेला होता, मी तसाच काढला.

"सरळ कर."

"तो सरळ नाहीये."

"मी लहान होतो तेव्हा होता!"

"मग तुम्हीच करा." मी पेन खाली ठेवलं.

त्यानं ब्लेड घेतलं आणि शाई खरवडायला लागला. ट्रेसिंग पेपर घुमटापाशी टरकन फाटला. "यल्ला, चल, बाहेर हो!" तो ओरडला.

पुढे मला अबू धाबीत खलिफा सिटीतल्या व्हिलांच्या एका कामावर नोकरी मिळत होती. मॅनेजरच्या एनओसीशिवाय, म्हणजे ना-हरकत पत्राशिवाय, जाता येत नव्हतं. त्यानं माझा अर्ज वाचलासुद्धा नाही. मी तरी काम सोडलं, तसा व्हिसा रद्द झाला, तिथे नोकरी करायला सहा महिन्यांचा बॅन लागला, मी रत्नागिरीला परतलो.

"सॉरी म्हणाला असतात तर?" बायकोनं विचारलं.

"कशाबद्दल?" मी म्हणालो. तिच्यावरही उगाच खेकसलो.

इतक्या वर्षांत त्या चर्चइतकं चांगलं ड्रॉइंग माझ्या हातून झालेलं नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.