तीनशे शब्दांचं आरोग्य

निवृत्त झाल्यावर काय करावं असं मला कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, काहीही करावं, पण पेपरात आरोग्यावर लिहू नये. मला कोणी विचारलं नाही. वर्ध्याच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून मोकळा झालो आणि दुसऱ्याच महिन्यात एका स्थानिक दैनिकाच्या संपादकाचा फोन आला. रविवारच्या पुरवणीत आरोग्याचं काहीतरी हवं होतं. जगात रोज नवीन संशोधन होतं, ते आपल्या लोकांना सोप्या भाषेत सांगा, म्हणाला. तीनशे शब्द, त्यावर एक नको, लोक वाचत नाहीत. जे वाचत नाहीत त्यांच्यासाठी लिहायला मी आनंदाने तयार झालो. आरोग्याची कळकळ वगैरे काही नव्हती. आठवड्यातून एकदा माझं नाव छापून येणार होतं, एवढंच.

हे काम कसं करतात ते आता सांगायला हरकत नाही. परदेशातल्या कुठल्यातरी प्रयोगाची बातमी मोबाइलवर येते. ती नीट वाचली तर तिच्यात निम्मे शब्द संशयाचे असतात. प्रयोग उंदरांवर झालेला असतो, किंवा माणसांवर झाला तरी थोड्याच. फायदा 'होण्याची शक्यता दिसते' असं लिहिलेलं असतं, आणि शेवटी शास्त्रज्ञ स्वतःच म्हणतात की अजून बरंच तपासायचं आहे. मराठीत आणताना पहिले उंदीर काढायचे. मग शक्यता काढायची. मग तो शेवटचा परिच्छेद काढायचा. उरतं ते फर्मान: कॉफी प्या, हृदय सांभाळा. चार महिन्यांनी कॉफी पिऊ नका असं लिहायचं. तेव्हाही कोणी पत्र पाठवून विचारत नाही की गुरुजी, मागच्या वेळी तर तुम्ही उलटं सांगितलं होतं. मुळात लक्षातच कोणाच्या राहत नाही, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी सात वर्षं लिहिलं.

ही समजूत मला सकाळच्या फिरायच्या मंडळींनी दिली. आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर रोज सहाच्या सुमारास आठ-दहा जण गोळा होतात. व्यापारी, वकील, निवृत्त अधिकारी, सगळी शिकलेली माणसं. मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी एक जण चालायला स्कूटरवर बसून येतो. एकाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे, आणि आकडा पुरा झाला नाही की तो घरी टीव्हीसमोर बसून नुसता हात हलवतो. मैदानाचे तीन फेरे झाले की सगळे कोपऱ्यावरच्या ठेल्यावर जातात आणि तर्री-पोह्यांवर तेलाचा तवंग पसरलेला असताना कोलेस्टेरॉलवर बोलतात. 'सर, शुगरवर काही नवीन निघालं का?' वकील मला विचारायचे. 'फक्त खाणं सोडाले नका सांगू.' त्यांना संशोधन नको होतं, परवानगी हवी होती. मी ती दर रविवारी देत होतो आणि मनातल्या मनात त्यांना मूर्खांत काढत होतो.

माझी एक वाचक मात्र वेगळी होती, आणि तिची मी कधी गणतीच केली नाही. माझी मोठी बहीण. आम्ही तिला बाई म्हणतो. हिंगणीला राहते, बोर धरणाच्या वाटेवर, मुलासोबत. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शाळा चौथीत सुटली, कारण घरात एकाच्याच शिक्षणाची ऐपत होती आणि तो एक मी ठरलो. पुढे ती आपली आपण सफाईने वाचायला शिकली, बुद्धविहारातल्या पुस्तकांवर बोट फिरवत. आमच्या लोकांत छापील अक्षराला जो मान आहे तो बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्या घरी छापलेला कागद कोणी पायाखाली येऊ देत नाही. बाई तर पुरवणी पहिल्या ओळीपासून जाहिरातीपर्यंत वाचते.

तिने एक रीत पाडली होती. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की बायका उठायच्या आत ती पेपर उघडायची आणि माझा लेख मोठ्याने वाचायची. भावाचा म्हणून नव्हे, शिकलेल्या माणसाचा म्हणून. बायका वह्या घेऊन यायच्या आणि महत्त्वाचं उतरवून घ्यायच्या. लेख कापून बाई एका रजिस्टरला चिकटवायची. मला हे भाच्याने हसत सांगितलं होतं आणि मीही हसलो होतो. त्या वह्यांत कॉफीबद्दल काय काय उतरवलं असेल या विचाराने थोडं ओशाळायला हवं होतं, पण हिंगणीत कॉफी पितो कोण, असं म्हणून सोडून दिलं.

मग मिठाचा लेख आला. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं. त्यात नेहमीच्या मिठातला काही भाग काढून पोटॅशियमचं मीठ घातलेलं असतं. ते वापरल्याने बऱ्याच लोकांचा रक्तदाब उतरतो, लकव्याचा धोका कमी होतो, असं अलीकडच्या मोठ्या प्रयोगांत दिसलं आहे. हे उंदरांवरचं नव्हतं, माणसांवरचं होतं, चांगलं भक्कम होतं. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाती खरी गोष्ट लागली होती. मी रंगात येऊन लिहिलं. मोजलं तर तीनशेच्या वर गेलं. कुठे कापावं म्हणून पाहिलं, तर शेवटी एक वाक्य होतं: ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा जे रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये. सुरुवातीला मी स्वयंपाकघरातल्या बरणीवर एक गमतीदार परिच्छेद लिहिला होता. तो मला फार आवडला होता. मी तो ठेवला आणि वाक्य काढलं. असल्या सूचना कोणी वाचत नाही, असं स्वतःला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याने लेखाचा शेवट पडत होता.

किडनी शरीरातलं जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते आणि ती थकली की ते रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. बाईला शुगर आहे, प्रेशर आहे, हेही ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी भाच्याने फोनवर सांगितलं होतं, 'मामाजी, मायची किडनी जराशी कमी काम करून राह्यली म्हनते डॉक्टर.' मी म्हणालो होतो, पाणी भरपूर पी म्हणावं. एवढं माझं ज्ञान आणि एवढी माझी माया.

लेख छापून आला त्या रविवारी बाईने तो विहारात दोनदा वाचला. सोमवारी गावातल्या किराणा दुकानदाराला हे मीठ मागवायला लावलं. त्या गृहस्थाने माझा लेख लॅमिनेट करून दुकानात टांगला आणि धंदा केला. गावातल्या बऱ्याच घरांत ते मीठ गेलं. बहुतेकांना ते मानवलं, एका म्हातारीचं प्रेशर तर खरंच उतरलं. बाईला मात्र त्याचा खारटपणा कमी लागायचा, म्हणून ती ते सढळ हाताने टाकायची. वरणात, झुणक्यात, ताकात. प्रेशरची गोळी चालूच होती.

दोन महिन्यांनी एका दुपारी भाच्याचा फोन आला. 'मामाजी, मायचे पाय उचलूनच नाई राह्यले. विहाराच्या पायरीवर बसली तं उठताच नाई आलं. छातीत धडधड होते म्हनते. गाडी घेऊन निंघालो, सेलूच्या पुढं आलो.' मी ऑटो करून वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांच्या आधी पोचलो. बाईला स्ट्रेचरवर आत नेलं. ईसीजीची पट्टी पाहिल्याबरोबर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला आणि त्यांनी सिस्टरला भराभर इंजेक्शनांची नावं सांगितली. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागला. पोटॅशियम फार वाढलं होतं. उतरलं नाही तर डायलिसिस करावं लागेल, आणि त्याआधी हृदय थांबूही शकतं, असं त्यांनी आम्हा दोघांना स्पष्ट सांगितलं. भाचा भिंतीला टेकून खाली बसला.

मी दहावीच्या वर्गाला मूत्रपिंडाची आकृती काढायला लावून पाच गुण देत असे. नेफ्रॉनला नाव दिलं नाही तर अर्धा गुण कापत असे.

संध्याकाळपर्यंत धडधड थोडी उतरली. डॉक्टरीणबाई पलंगाशी आल्या आणि बाईला एकेक विचारू लागल्या. नारळपाणी घेता का, कुठला काढा, कुठली जडीबुटी? बाई नाही नाही म्हणत गेली. मग त्यांनी विचारलं, मीठ कोणतं वापरता? बाईचा चेहरा उजळला. 'चांगलंवालं,' ती म्हणाली. 'पेपरात आलं होतं थे. माया भाऊच लिहिते ना पेपरात, हा काय उभा हाय.'

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या मात्र हळू, मला बाजूला घेऊन. किडनीच्या पेशंटने ते वापरू नये असं लेखात नव्हतं का?

'जागा कमी होती,' मी म्हणालो.

त्या परत पलंगाशी गेल्या आणि आजी, हे मीठ आता बंद, एवढंच बाईला सांगितलं. बाई त्यांनाच समजावू लागली. 'त्याच्या लिहिन्यात चूक नसते हो डॉक्टरीनबाई. मीच जास्त टाकलं असन. थे खारं लागत नाई, म्हून मी दोन चिमट्या वरून टाकत होती.' मी तिथेच उभा होतो. नाही बाई, चूक माझीच आहे, हे म्हणायला पाच शब्द पुरले असते. मी पाण्याची बाटली भरून आणायला गेलो.

डायलिसिसची वेळ आली नाही. आठव्या दिवशी बाई घरी गेली. किडनी होती त्याहून थोडी आणखी खाली गेली, ती काही वर येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मैदानावरच्या मंडळींना मी झालं ते अर्धंमुर्धं सांगितलं. वकील म्हणाले, 'मी तं पयलेपासून म्हनतो सर, हे रिसर्च-फिसर्च सब झूठ हाय.' म्हणजे तेवढीही अक्कल त्यांना आली नाही. संशोधन खरं होतं. खोटा मी होतो. संपादकाला फोन करून म्हटलं, ते राहिलेलं वाक्य पुढच्या रविवारी चौकटीत छापा. 'सर, ते आता जुनं झालं,' तो म्हणाला. 'आणि उगाच कशाला? त्यापेक्षा पुढचा लेख ओट्सवर द्या.' इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा शिवी दिली. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे.

शेवटी मीच रविवारी एसटी धरून हिंगणीला गेलो. वंदना संपली होती. बाई भिंतीला टेकून बसली होती, रजिस्टर मांडीवर. अंगाने उतरली होती, पण पुढचं वाचन दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं. मी बायकांपुढे उभा राहिलो, तीस वर्षं वर्गापुढे राहिलो तसा, आणि ते वाक्य सांगितलं. ज्यांची किडनी कमजोर आहे, ज्यांना प्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ वापरू नये. बायकांनी वह्या उघडल्या. सावकाश सांगा म्हणाल्या, म्हणून पुन्हा सांगितलं.

पुढच्या रांगेतल्या एका तरुण सुनेने लिहिता लिहिता मान वर केली. 'गुरुजी, हे तुमाले आता मालूम झालं का?'

'नाही,' मी म्हणालो. 'तेव्हाच माहीत होतं.'

'मंग लेखात काऊन नाई लिहिलं?'

'जागा नव्हती.'

बाईने रजिस्टर उघडलं. मिठाचा लेख तिने लगेच काढला, त्यावर हात फिरवला आणि रजिस्टर बायकांकडे वळवलं. माझ्या नावाशेजारी माझा फोटो होता, कोटातला, चांगला बोटभर उंचीचा.

'फोटोले होती,' ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ती जे दिसत होतं ते वाचून दाखवत होती, दर रविवारी वाचते तसं. कोणी हसलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या आणि उरलेलं वाक्य वहीत उतरवून घेतलं.