समोरच्या दारानं येणारा हिरो

आधी माफी मागतो. सिनेमातल्या माणसाबद्दल लिहायचं तर सिनेमातलं काही कळायला हवं, आणि मी थेटरात बसून मोजकेच सिनेमे पाहिले आहेत. लिहिण्याचंही तसंच. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. आमच्याकडे लिहिणं म्हणजे साहेबाला अर्ज, आणि तोही दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. त्यामुळे हे जाणकारांचं काम मी करायला बसलो, हे मला बरोबर वाटत नाही. पण ज्या नटाबद्दल मला सांगायचं आहे, त्याला माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल, एवढं मात्र मी म्हणू शकतो. नाव त्याचंही लिहिणार नाही, कुणाचंच लिहिणार नाही.

मी वरठीचा. वडील तिथल्या स्टीलच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत, सायकलनं जातात. मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होतो. दुसऱ्या वर्षाला असताना वर्गातली मुलं त्याचा एक सिनेमा पाहायला निघाली आणि मला ओढून घेऊन गेली. प्रेमाचा सिनेमा होता. मला वाटलं होतं की नेहमीसारखा एक गोरा हिरो असेल, तो दहा जणांना मारेल आणि बर्फात गाणं म्हणेल.

हा सावळा होता. आमच्या रंगाचाच. चेहऱ्याला काही फासलं आहे असं वाटत नव्हतं. बोलायच्या आधी तो आवंढा गिळायचा, आणि त्याचा गळा वरखाली झालेला पडद्यावर एवढा मोठा दिसायचा. मला वर्गात उभं केलं की माझंही तसंच होतं. हसताना तो खाली पाहायचा. कुणाच्या घरी गेला की चप्पल काढायचा, दोन पावलं पुढे जायचा आणि परत येऊन ती सरळ लावायचा. हे त्याला दिग्दर्शकानं सांगितलं की त्याचं त्यानं केलं, मला माहीत नाही. पण ज्यानं कधी दुसऱ्याच्या दारात संकोचून चप्पल काढली नाही, त्याला हे सुचणार नाही असं मला तेव्हा वाटलं.

गोष्ट साधी आहे. तालुक्याच्या गावी शिकणारा गरीब मुलगा, मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. मित्र म्हणतात, पळून जा. तो म्हणतो, नेईन तर समोरच्या दारानं नेईन. भर दुपारी तिच्या घरी जातो आणि तिच्या वडिलांना विचारतो. वडील एक अट घालतात: मी निरोप पाठवीपर्यंत तिला भेटायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. तो शब्द देतो. मग वाट पाहण्याचं एक गाणं आहे. त्या गाण्याच्या शेवटी मुलगी कुंपणाच्या भिंतीपलीकडून त्याला हाक मारते. तो वळत नाही. पडद्यावर तेव्हा फक्त त्याचा कान आणि मान दिसते. त्या मानेवरून कळतं की त्यानं हाक ऐकली आहे. चेहरा न दाखवता एवढं करणारा नट मी दुसरा पाहिला नाही. शेवटी वडील स्वतः चालत त्याच्या दारात येतात, आणि थेटरातली मुलं शिट्ट्या मारतात.

पुढे तो सिनेमा मोबाइलवर आला, तेव्हा मी आईला दाखवला. ती तांदूळ निवडत बसली होती. मधूनमधून मान वर करून पाहायची.

"याच्या सदऱ्याची कॉलर पाय," ती म्हणाली. "उलटवून शिवली हाये. घासली असन. माय शिवत असन याची."

मी इतक्या वेळा पाहिला होता, पण कॉलर मला दिसली नव्हती.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आडनाव काय रे बाबू याचं?"

"सिनेमात सांगतलं नाही."

"असं कसं? कॉलेजात शिकते न थो? हजेरी नाही घेत का तिथं?"

मी खूप हसलो. "माय, लव्ह स्टोरी हाये. तुले आडनाव कायले पायजे?"

"मले नाही पायजे," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.

मला हा सिनेमा आवडतो हे वर्गात सगळ्यांना माहीत झालं होतं. मुलं चिडवायची, "काय बे हिरो, चप्पल सरळ लावली का?" त्यावर हसणाऱ्यांत एक मुलगी होती. पण ती थट्टा म्हणून हसत नव्हती. तिनंही तो सिनेमा जवळजवळ माझ्याइतकाच पाहिला होता. ती आंबागडकडची. गावात त्यांची शेती, बोडीखालची, म्हणजे तळ्याच्या पाण्यावरची, दोन्ही हंगामांत पाणी मिळणारी. पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणारं घर. भंडाऱ्यात ती खोली करून राहत होती. आमचं बोलणं सुरू झालं ते त्या नटावरूनच. तो कुठे चुकला, कुठे जास्त रडला, यावरून आम्ही भांडायचो. ती म्हणायची, दुसऱ्या कुणी त्या भिंतीपाशी वळून पाहिलं असतं आणि सिनेमा वाया गेला असता.

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा ती म्हणाली, "आता तू ये."

"कुठं?"

"घरी. समोरच्या दारानं. परीक्षा झाली का ये. मी पळून गिळून नाही येणार, आधीच सांगून ठेवतो."

मुली आमच्याकडे स्वतःबद्दल असंच बोलतात, सांगतो, येतो. मी आवंढा गिळला.

"झालं!" ती म्हणाली. "तुले हजेरीत यस सर म्हणता येत नाही, तू माह्या बाबासमोर काय बोलशील?"

"येईन मी."

"बाबानं पायला हाये तो पिच्चर. मीच दाखवला. शेवटी डोळे पुसत होते. म्हणे, पोरगा असा पायजे."

या एका वाक्यावर मी विसंबलो.

परीक्षेनंतर मी गेलो. तुमसरहून एसटी धरली. उन्हाळी धान निघाला होता, रस्त्यानं जिकडेतिकडे वाळत घातलेला. गडाच्या पायथ्याशी, फाट्यावर उतरलो तेव्हा भर दुपार होती. ती वेळ मी मुद्दाम निवडली होती.

अंगणात धानाची पोती रचत तिचे वडील एकटेच होते. मी चप्पल काढली. सरळ लावली. आणि म्हणालो, "नमस्कार." आमच्या घरी आम्ही जय भीम म्हणतो. कॉलेजातही म्हणतो, लाजत नाही. त्या दिवशी नमस्कार म्हणालो. सिनेमात तोही नमस्कारच म्हणतो.

"या, बसा," ते म्हणाले. "कोणत्या गावचे?"

"वरठी."

"प्लांटवर कोण हाये?"

"वडील."

"आडनाव?"

मी सांगितलं.

ते रागावले नाहीत. चेहऱ्यावर काही आलंही नाही. "बरं," म्हणाले आणि हातातलं पोतं नीट रचून मग माझ्यासमोर येऊन बसले. मी कशाला आलो ते सांगितलं. माझा आवाज मला नीट आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घरात बाया नव्हत्या. ती मोठ्या वडिलांकडे, म्हणजे थोरल्या काकांकडे गेली आहे, ते म्हणाले. स्वतः आत जाऊन चहा करून आणला. कपात दिला. नंतर घरी आईला सांगताना मी पहिली गोष्ट हीच सांगितली, की कपात दिला, त्यांच्यासारख्याच कपात. आई उठून चुलीकडे गेली. मी कप लक्षात ठेवला होता, याचंच तिला वाईट वाटलं असावं. आता मलाही वाटतं.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही समोरून आले, हे चांगलं केलं. पळवून नेणारे पायले आम्ही. तुम्ही शिकलेले आहा. मी घरच्यायशी बोलतो, पोरीशी बोलतो. निरोप पाठवतो. तोवर तिले फोन करू नका, भेटू नका. कबूल?"

मला हे शब्द पाठ होते. जवळजवळ हेच शब्द. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, हे मला खूण देताहेत, की मीही तो सिनेमा पाहिला आहे, घाबरू नको.

"कबूल," मी म्हणालो.

ते मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. एवढ्या उन्हात, एवढ्या मोठ्या माणसानं. सिनेमातला बापसुद्धा पोचवायला आला नव्हता. रस्त्यात एक जण बैलगाडीवरून जाताना ओरडला, "पाव्हणे कुठचे?"

"धान पाहाले आले होते," ते म्हणाले.

मला ते योग्यच वाटलं. मुलीचं नाव गावात होऊ नये म्हणून बापानं एवढी काळजी घेतली, असं मी मनात म्हटलं. एसटी आली तेव्हा हात त्यांनीच दाखवला, आणि मी आत बसून ती हलेपर्यंत ते तिथंच उभे होते.

मग मी वाट पाहिली. सिनेमात ते एका गाण्यात होतं. झाडाची पानं गळतात, नवी येतात, तो त्याच ओट्यावर बसलेला असतो. इकडे रोवण्या, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाल्या, आई चिखलात उभी राहून पाय फुगवून घेऊन घरी यायची आणि मला काही विचारायची नाही. रोवण्या चालू असतानाच एकदा मला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी ऑटोत होतो. नंबर ओळखीचा नव्हता, पण मला कळलं. का कळलं ते सांगता येणार नाही. फोन वाजत राहिला. शेजारची बाई म्हणाली, "उचल न बाबू, कोणाचं काम असन." मी उचलला नाही. मी तेव्हा त्याच्या मानेचा विचार करत होतो. तशीच मान ताठ ठेवून मी समोर पाहत बसलो होतो. फोन परत एकदा वाजला आणि बंद झाला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

निरोप आला नाही. मी सिनेमा पुन्हा पाहायला लागलो, या वेळी उत्तर शोधत. तेव्हा मला आईचा प्रश्न आठवला. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं तेवढंच ऐकत बसलो. कॉलेजात त्याला नावानं हाक मारतात. मित्र टोपणनावानं. मुलीचा बाप त्याला गाव विचारतो, वडिलांचा धंदा विचारतो, पगार किती मिळेल ते विचारतो. आडनाव विचारत नाही. सगळ्या सिनेमात एकही माणूस ते विचारत नाही. त्याच्या घरात भिंती दिसतात, पण भिंतीवर एकही फोटो नाही. बापाचा आक्षेप फक्त गरिबीला आहे. गरिबी माझ्याकडेही होती. तेवढीच असती तर तिचे वडील माझ्याही दारात आले असते कदाचित.

नटाचा यात दोष नाही. त्याला जे दिलं ते त्यानं मनापासून केलं, आणि इतकं खरं केलं की मला वाटलं, हे कुणालाही करता येईल. आजही तो भिंतीपाशी उभा असतो तेव्हा मला त्याच्यावर माया येते. फक्त आता मला असंही वाटतं की, अरे, तुला कुणी आडनाव विचारलंच नव्हतं.

दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या. मंडईला आमच्याकडे सगळे नातेवाईक एकमेकांच्या गावी जातात, स्टँडवर उभं राहायला जागा नसते. भंडाऱ्याच्या स्टँडवर त्या गर्दीत मला तिची मैत्रीण भेटली, भंडाऱ्यात तिच्याच खोलीत राहणारी. मी हसलो. ती हसली नाही.

"लग्न झालं तिचं," ती म्हणाली. "नागपूरले देली. तुळशीचं लग्न लागताच, गावच्या मंडईच्या आधी उरकून टाकलं."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक, बरं, एवढंच.

"बरं?" ती म्हणाली. "तुले लाज नाही वाटत का रे? तिचा मोबाइल काढून घेतला होता त्यायनं. तिनं आपल्या मावशीच्या फोनवरून तुले लावला. दोनदा लावला. उचलला काहून नाही?"

"मी शब्द देला होता."

"कोणाले?"

"तिच्या बाबाले. मी गेलो होतो न घरी. परीक्षा झाल्यावर."

नागपूरची गाडी लागली होती, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते. तिला त्याच गाडीनं जायचं होतं, पण ती हलली नाही.

"खोटं नको बोलू," ती हळू म्हणाली. "तिच्या बाबानं तिले सगळ्यायसमोर सांगतलं. म्हणे, तो पोरगा दारात आला असता तर मी हात धरून बसवलं असतं, पण आजपर्यंत तुयासाठी या दारात कोणी आलं नाही. अन् ती मले हळद लागायच्या दिवशीसुद्धा विचारत होती, का तो आला होता का."