कमलच्या बांधीतले आलू

फेब्रुवारीत सौंदडला जायचं ठरलं ते कमलच्या फोनमुळे. कमल माझी मामेबहीण. "ताई, आलू खोदाचे हायेत, ये," म्हणाली. मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका; आयतं कौतुक करून घ्यायला निघाले.

नागपूरहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, रस्ता चांगला. साकोलीला तर्री-पोहे खा, चहा मात्र टाळा. सौंदडहून पुढे कमलच्या गावाला जाणारा ऑटो भरेपर्यंत बसून राहावं लागतं. वाटेत काठोकाठ तलाव आणि धान निघालेल्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांत, हिरवीगार लाखोळी. मी अख्ख्या वाटेवर फोटो काढत गेले. हिरवं दिसलं की खूश व्हायची मला खोडच आहे.

इकडे धानामागून लाखोळीची डाळ घ्यायची हे ठरलेलं. कमलनं सासऱ्यांशी भांडून एक बांधी एका हिवाळ्यापुरती मागून घेतली होती. बटाटा पिकला तर बांधी पुढेही तिची, नाहीतर पुन्हा लाखोळी.

बांधीत पाला माझ्या मांडीला लागत होता. कमलनं कुदळीनं वरंबा फोडला. खाली बटाटे कसले, गोट्या. दुसरा फोडला, तिसरा फोडला, गोट्याच.

बटाट्याचं पान साखर बनवतं. ती खोडातून खाली उतरते, जमिनीतल्या फांद्यांच्या टोकाशी पोचते आणि तिथं तिचा स्टार्च होऊन बटाटा फुगतो. युरियाचा मारा झाला की झाड ती साखर नवा पाला काढण्यातच उडवतं, खाली फारसं काही उतरत नाही. हे मी आयुष्यभर फळ्यावर बाण काढून शिकवलं.

"एवढा युरिया कशाला टाकलास?"

"धानाले टाकतो तसा दोन खेपा टाकला. मंग तुले फोटो धाडला. तू 'अप्रतिम' म्हनली, म्हून तिसरी खेप टाकली."

तो फोटो मी पाहिला होता. हिरवा रंग बघून खूश झाले होते, एवढंच. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

दुपारी चिन्नोरचा भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. जेवण फर्मास होतं. समोर तिचे सासरे बसले होते, कमल त्यांना मामाजी म्हणते.

"पाला खाऊन पोट भरते का?" ते कमलला म्हणाले. "एवढी शिकलेली बहीन हाये तुले. तिचं आयकाले बी अक्कल लागते. पुढच्या साली लाखोळीच."

कमलनं माझ्याकडे बघितलं. मी भातात वरण कालवत राहिले.

निघताना तिनं त्याच गोट्यांची पिशवी हातात दिली. बहिणीला रिकाम्या हाती पाठवत नाहीत म्हणे.

घरी येऊन त्या उकडल्या. सोलण्याइतक्या मोठ्या नव्हत्या, सालासकट खाल्ल्या. किंचित गोडसर लागल्या. साखर पोचली होती, पण तिचा स्टार्च व्हायचा राहिला होता. तेवढ्यात कमलचा मेसेज आला, "कसे हाये आलू?"

मी 'अ' लिहिताच मोबाईलनं 'अप्रतिम' पुढे केलं. ते खोडलं आणि लिहिलं, "कच्चे. पण चूक तुझी नाही, माझी आहे. फोटो बघूनच मला कळायला हवं होतं."

उत्तरात एकच ओळ आली.

"हे मामाजीसमोर काऊन नाई म्हनली?"