सकाळी सुटणारी टीप

लढाईच्या दिवसांत नवरा पलटणीत होता आणि घरी सासू आणि मी. वाकळा शिवून मी दोघींचं भागवत होते. जुन्या लुगड्या-धोतरांचे पाच-सहा थर आणि त्यावर हाताचे टाके. एका वाकळेला बारा-तेरा दिवस जायचे. कोरेगावच्या बाजारपेठेत एका शिंप्यानं तेव्हा पायानं चालवायचं मशीन घेतलं होतं आणि त्याचं जुनं, हातानं फिरवायचं मशीन कोपऱ्यात पडून होतं. ते मी दिवसभर भांडून मिळवलं. त्याला तीन शेळ्या हव्या होत्या; मी दोन दिल्या आणि वर माझे चांदीचे तोडे. पण अट घालूनच. तिसऱ्या आठवडी बाजारापर्यंत मशीन नीट चाललं नाही तर मशीन त्याचं आणि शेळ्या-तोडे माझे. तिसरा बाजार उलटला की कुणी काही बोलायचं नाही.

पहिले दोन दिवस टीप अशी पडली, की सासूनं वाकळ उलटीपालटी करून बघितली आणि गप्प बसली. तिची शाबासकी तशीच असायची. तिसऱ्या दिवशी सकाळी वरून टीप सरळ दिसत होती, पण खाली दोऱ्याचे झुपके लोंबत होते. चार टाके पडायचे आणि पाचवा सुटायचा. उसवलं, पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

पहिल्या बाजाराला मशीन डोक्यावर घेऊन मी तीन मैल कोरेगावला गेले. शिंप्यानं काही विचारलं नाही. मशीन पुढ्यात घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली. मी डावीकडे सरकले तर त्यानं डावा खांदा आड केला, उजवीकडे गेले तर उजवा. काय करताय, असं विचारलं तर म्हणाला, "तुमाला काय करायचंय, वैनी? तुमचं काम शिवायचं, दुरुस्तीचं काम माझं." मग एका चिंधीवर झकास टीप मारून दाखवली आणि मजुरी म्हणून डझनभर अंडी ठेवून घेतली. घरी आणल्यावर दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा झुपके. दुसऱ्या बाजारालाही अगदी हेच झालं. पाठसुद्धा तीच.

आता एकच बाजार उरला होता. मशीन परत केलं तर पुन्हा बारा दिवसांची एक वाकळ. ठेवून घेतलं आणि ते असंच रुसत राहिलं तर शेळ्या गेल्या, तोडे गेले आणि जन्मभर त्याला अंडी पोचवायची. तेव्हा दुखणं काय आहे ते त्या बाजाराआधी मलाच शोधायला हवं होतं.

आधी मी रागानं दांडा फिरवला आणि दोन सुया मोडल्या. मग राग बाजूला ठेवून नुसती बघत बसले. सुई नवी घातली, फरक नाही. वाकळ काढून एकेरी कापड घातलं, तरी झुपके. म्हणजे जाडीचा दोष नव्हता. खालच्या बॉबिनचा दोरा घट्ट केला, सैल केला. काही नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. सकाळी टीप सुटायची आणि दुपारी सोप्यात ऊन आलं की बरीचशी नीट पडायची. थंडीचे दिवस होते.

सासू म्हणाली, "सून आन् मिशीन, दोगांनाबी ऊन लागल्याबिगर जाग येत न्हाई."

टोमणा मला होता, पण मी तो मशीनसाठी धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच मशीन चुलीजवळ नेऊन ठेवलं. शेकल्यावर त्यानं सकाळीच टीप धरली. लोखंडाला थंडी वाजत नाही. मग थंडीनं गोठणारं आत काय होतं? तेल असेल म्हणून जुनं पुसून नवं घातलं. तरी दुसऱ्या सकाळी झुपके होतेच.

मग आठवलं, शिंप्याकडून आल्यावर दोन्ही वेळा मशीनला रॉकेलचा वास होता. रॉकेल वंगणाला वापरत नाहीत, ते धुवायला. आणि ते रेशनवर असताना शिंपी उगाच सांडणार नाही. म्हणजे तो काहीतरी धूत होता. मी दिव्यातल्या रॉकेलमध्ये चिंधी बुडवली आणि रिळापासून सुईपर्यंत, दोरा जिथून जिथून जातो ती एकेक जागा पुसत गेले. प्रत्येक जागेनंतर चिंधी उजेडात धरायची. वाटेत दोन छोट्या चकत्या आहेत, त्यांच्या चिमटीतून दोरा जातो म्हणून त्याला ताण राहतो. त्या चकत्यांमधून पिवळी काळपट घाण निघाली. बोटांत धरली तशी ती मऊ झाली. वास घेतला. मेण होतं.

मेण माझंच होतं. माझं माहेर सांगलीजवळ. तिकडे आम्ही वाकळ शिवताना दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढायचो, म्हणजे गुंतत नाही आणि कुजत नाही. सासरी ही रीत नव्हती, पण मी सोडली नव्हती. मशीन आलं तेव्हा अख्खं रीळ उलगडून, सगळा दोरा मेणातून काढून मी पुन्हा गुंडाळला होता. चकत्या ते मेण खरवडून घेत होत्या. सकाळी ते घट्ट होऊन चकत्यांना फाकवायचं आणि दोरा मोकळा सुटायचा. उन्हात मऊ झालं की चकत्या मिटायच्या.

साधं रीळ लावलं. दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत उजाडताच बसले आणि दर ओळीला वाकळ उलटून खालची बाजू बघत दुपारपर्यंत शिवत राहिले. एकही टाका सुटला नाही.

तिसऱ्या बाजाराला मशीन घरी ठेवून नुसती वाकळ घेऊन गेले. शिंप्यानं माझ्या डोक्याकडे बघितलं. मशीन कुठं, म्हणाला. घरी शिवतंय, म्हटलं. त्यानं वाकळ उलटून टीप तपासली आणि काय केलंत ते विचारलं. आधी पाठ का करत होता ते सांगा, असं मी म्हटलं.

तो हळूच म्हणाला, "वैनी, चकत्या पुसल्या की चालतंय एवढंच मला ठावं. ती घाण येती कुठनं ते कळंना. आता गिऱ्हाइकाम्होरं कसं म्हनू, मला कळत न्हाई म्हून?"

वीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला मेण ओळखू येऊ नये? की त्याला माझी अंडी गोड लागली होती? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी मी उत्तर फुकट दिलं नाही. माझ्याकडे तोंड करून अख्खं मशीन कसं उघडायचं आणि जुळवायचं ते दाखवा, मग सांगते, म्हटलं. तो म्हणे आधी तुम्ही सांगा. बरीच घासाघीस झाली. शेवटी त्यानं आपलं मशीन उघडून चकत्या, स्प्रिंग, स्क्रू ओळीनं चटईवर मांडले आणि मी माझ्या हातांनी दोनदा जागच्या जागी बसवले.

मग मी मेणाचं सांगितलं.

तो इतक्या मोठ्यानं हसला की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. "आवं वैनी, मिशीनला मेन पाजलं व्हय तुमी!"

मी हसले नाही. वाकळ त्याच्या हातातून काढून घेतली. तो ती विकत मागत होता, तरी मी त्याच्यादेखत पानवाल्याला विकली. दुकानामागच्या खुंट्याला माझ्या दोन्ही शेळ्या बांधलेल्या होत्या. मुदत संपली होती, त्या आता त्याच्या होत्या. मी साध्या दोऱ्याची चार रिळं घेतली आणि दिवस असतानाच घरची वाट धरली.